अवघड जागेचं दुखणं

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास झाला, शेती झाली, संतवाङ्मय तर दर दोन वर्षांनी होतंच. मला विषय विचारला तेव्हा मी ‘गुदद्वाराशी येणारी दुखरी सूज’ असं सांगितलं. फोनवर पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. मग अदबीनं प्रश्न आला, ‘पत्रिकेत नुसतं आरोग्याविषयी असं छापलं तर चालेल का?’ मी नको म्हटलं. विषय आहे तसा छापला, याबद्दल मंडळाचे आभार. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते डॉक्टर याच गावात आयुष्यभर दवाखाना चालवत होते. रुग्णाला पडद्याआड नेऊन तपासल्याशिवाय ते चिठ्ठी लिहीत नसत, असं त्यांच्या जुन्या रुग्णांनी मला मघाशी सांगितलं. आजच्या विषयासाठी एवढं नातं मला पुरेसं आहे.

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आत्ताही हसलात. पण माझ्या अनुभवात जावई डॉक्टर नसला तरी माणूस दाखवत नाही. बायको नवऱ्याला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही, आणि दोघं मिळून मेडिकलच्या दुकानातल्या पोराला सांगतात. तो एक मलम आणि चार गोळ्या देतो. आठवडा जातो. मग कोणीतरी काढा सुचवतं, कोणी सुरणाची भाजी, कोणी रेल्वेरुळालगतच्या भिंतीवर रंगवलेला मोबाइल नंबर. शल्यचिकित्सकाच्या टेबलावर माणूस पोचतो तेव्हा तो एका बाजूवर बसलेला असतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘डॉक्टर, मूळव्याध झालीय.’

निदान तो घरूनच करून आलेला असतो, आणि पुष्कळदा ते चुकलेलं असतं. मला आज मुख्यत्वे हेच सांगायचं आहे. साधी मूळव्याध दुखत नाही. तिच्यातून रक्त जातं, कधी टपटप पडतं, कोंब बाहेर येतो आणि आत जातो, ओलसरपणा राहतो, खाज सुटते, पण सहसा दुखत नाही. त्या जागी सूज आहे आणि ती ठणकते आहे, तर बहुतेक वेळा तिथं दुसरंच काहीतरी झालेलं असतं, किंवा मूळव्याधीत नवीन भानगड उभी राहिलेली असते.

असं का, हे समजायला थोडी शरीररचना लागेल. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांब असतो. त्याच्या साधारण मध्यावर करवतीच्या दात्यांसारखी एक वाकडीतिकडी रेषा असते. तिला आम्ही दातेरी रेषाच म्हणतो. या रेषेच्या वरचं अस्तर आतड्याचं आहे. त्याला ताण कळतो, पण कापल्याचं किंवा टोचल्याचं दुखणं कळत नाही. रेषेखाली कातडी सुरू होते आणि तिथं संवेदनेच्या मज्जातंतूंची दाटी आहे. आतल्या मूळव्याधीच्या मुळाशी रबराची छोटी रिंग बसवून ती गाळून टाकतात, तेव्हा भूल द्यावी लागत नाही, ती याच कारणामुळे. रिंग रेषेच्या वर बसली तर माणूस टेबलावरून उठून चालत घरी जातो. तीच चुकून खाली बसली तर ओरडतो.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. मूळव्याध म्हणजे बाहेरून येऊन चिकटलेला काही विकार आहे, असा समज आहे. तसं नाही. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या तीन मऊ गाद्या प्रत्येकाच्या गुदमार्गात जन्मापासून असतात. वायू आणि पातळ मळ अडवून धरायला त्या मदत करतात. इंग्लंडमधल्या थॉमसन नावाच्या शल्यचिकित्सकाने 1975 मध्ये हे नीट मांडलं. वर्षानुवर्षं कुंथण्याने या गाद्यांचे आधार सैल पडतात आणि त्या खाली घसरतात, त्यालाच आपण मूळव्याध म्हणतो. म्हणून ‘मुळासकट काढून टाका’ या मागणीला मी सहसा बळी पडत नाही. त्यातलं थोडं माणसाच्या उपयोगाचं असतं.

मग दुखतं ते काय? दुखण्याचं वेळापत्रक विचारलं की निम्मं निदान होतं. कधी सुरू झालं, चोवीस तास ठणकतं की फक्त शौचाच्या वेळी, ताप आहे का. बाकीचं निम्मं डोळ्यांनी बघून आणि बोटाने तपासून होतं. त्यासाठी माणसाने कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. दोन मिनिटांचं काम असतं.

काल रात्रीपर्यंत काही नव्हतं, सकाळी उठून बघतो तर गाठ. हे वेळापत्रक रक्ताच्या गुठळीचं आहे. गुदद्वाराच्या कडेला कातडीखाली असलेल्या शिरेत रक्त गोठतं आणि वाटाण्यापासून द्राक्षाएवढी टणक, निळसर-काळी गाठ येते. आदल्या दिवशी पोती उचललेली असतात, एसटीतून दहा तासांचा प्रवास झालेला असतो, जोर करून शौचाला बसलेलं असतं, किंवा बाई नुकती बाळंत झालेली असते. कित्येकदा यातलं काहीच झालेलं नसतं. पहिले दोन-तीन दिवस दुखणं चढत जातं, मग आपोआप उतरायला लागतं आणि काही आठवड्यांत गाठ विरते. मागे कातडीची एक सैल घडी राहते, तिला घाबरायचं कारण नाही.

उपचार दिवस मोजून ठरतो. पहिल्या तीन दिवसांत आला आणि सहन होत नसेल, तर जागा बधिर करून गुठळी तिच्यावरच्या कातडीसकट काढून टाकावी. लगेच सुटका होते. नुसती चीर देऊन पिळून काढली तर पुन्हा भरण्याचा संभव असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी आला तर हात लावू नये. शरीराने निम्मं काम केलेलं असतं. दुखणं कमी करणारी गोळी, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसणं, शौचाला मऊ होईल अशी व्यवस्था, एवढं पुरतं. टबातल्या पाण्यात जंतुनाशक ओतायची गरज नाही. त्याने कातडी भाजते आणि एकाचे दोन आजार होतात. अँटिबायोटिकची तर इथं काहीच गरज नसते, कारण हा जंतूंचा आजारच नाही.

याचाच थोरला भाऊ म्हणजे अडकलेला कोंब. आतली मूळव्याध बाहेर आली, तिला गुदद्वाराच्या स्नायूने आवळून धरलं, ती सुजली आणि आता आत ढकलली जात नाही. सगळीकडून फुगलेलं, लालजांभळं, पुढे काळं पडत जाणारं असं ते दिसतं. इथं घरी बसून शेक घेत राहणं योग्य नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

फिशरवर, म्हणजे चिरेवर, मी फार वेळ घालवणार नाही. तिची गोष्ट सरळ आहे. शौचाच्या वेळी काच कापत गेल्यासारखं वाटतं, कागदाला किंवा मळाच्या एका बाजूला रक्ताची रेघ लागते, आणि नंतर तास-दोन तास आग होत राहते. दहांतल्या नऊ जणांत चीर मागच्या बाजूला, मधोमध असते. जुनी झाली की तिच्या टोकाशी कातडीचा एक कोंब सुजून येतो, आणि रुग्ण त्या कोंबालाच मूळव्याध समजतो. दुखतं म्हणून स्नायू आवळतो, आवळला म्हणून रक्त कमी पोचतं, रक्त नाही म्हणून चीर भरत नाही, आणि पुन्हा दुखतं. म्हणून उपचार स्नायू सैल करण्याचा आहे. ताजी चीर बहुधा इसबगोल, पाणी आणि शेक यांनीच भरते. सहा आठवड्यांहून जुनी असेल तर डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम लावतात. नायट्रोग्लिसरीन हे हृदयविकारात जिभेखाली ठेवतात तेच औषध, त्यामुळे ते लावल्यावर पुष्कळांचं डोकं दुखतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकून देतो. त्यानेही भागलं नाही तर आतल्या स्नायूचा थोडासा भाग बाजूने कापण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. चीर मधोमध नसून बाजूला असेल, तर मात्र डॉक्टरने थबकावं. क्षयरोग, क्रोन्सचा आजार, एचआयव्ही, सिफिलिस, कर्करोग, या सगळ्यांचा विचार तिथं करावा लागतो.

मिरचीचं विचारणारच होतात तुम्ही. 2006 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात इटलीत मूळव्याधीच्या रुग्णांना एकदा मिरचीची कॅप्सूल आणि एकदा तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल देऊन पाहिलं. त्रासात फरक पडला नाही. फिशरच्या रुग्णांवर असाच प्रयोग आपल्या नागपुरात झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं मिरचीने आग वाढली. म्हणजे ठेचा सोडायचा की नाही हे आजारावर अवलंबून आहे. विदर्भ-खानदेशातल्या रुग्णांना मी हे जरा जपूनच सांगतो.

आता पुवाकडे येतो. आजचा माझा खरा विषय हाच आहे, कारण उशिराने सर्वांत जास्त नुकसान इथं होतं.

गुदद्वाराशेजारी एक दुखरा टणकपणा येतो. पहिल्या दिवशी नुसतं अवघडल्यासारखं, दुसऱ्या दिवशी बसवत नाही, तिसऱ्या दिवशी झोप नाही, ताप, थंडी वाजून येणं. दुखणं शौचाशी बांधलेलं नसतं, ते अखंड ठणकत राहतं आणि दर दिवशी वाढतं. जागा लाल, गरम, ताणलेली. हे गळू आहे. पू फार खोल असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. नुसता ताप आणि आत खोलवर ठणका. अशा माणसाला टायफॉइडची औषधं दिली गेल्याची उदाहरणं प्रत्येक शल्यचिकित्सकाला माहीत आहेत.

आपल्याकडे गळू पिकू द्यायची पद्धत आहे. पोटीस बांधा, तोंड येऊ द्या, मग आपोआप फुटेल. मांडीवरच्या करटाला हे एक वेळ चालेल. गुदद्वाराशी चालत नाही. तिथली चरबी सैल आहे, पुवाला पसरायला मोकळी जागा आहे, आणि एका बाजूचा पू मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला पोचतो. पू आहे असं ठरलं की तो त्याच दिवशी काढायचा. भूल देऊन, पुरेसं मोठं तोंड करून. अँटिबायोटिक हा त्याला पर्याय नाही. औषध रक्तातून जातं, आणि पुवाच्या पोकळीत रक्त नसतं. पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप दबतो, दुखणं थोडं उतरतं, रुग्ण खूश होतो आणि पू आत वाट शोधत राहतो. मधुमेह, कमी प्रतिकारशक्ती, हृदयाच्या झडपेचा आजार किंवा भोवतालच्या कातडीत पसरलेली लाली असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण शस्त्रक्रियेच्या जोडीला. जखम शिवत नाहीत. ती आतून बाहेर भरत यायला हवी. ‘टाके का नाही घातले?’ असं नातेवाईक रागाने विचारतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पू काढल्यावर बरेच जण कायमचे बरे होतात. पण साधारण तिघांतल्या एकाला, काही अभ्यासांत त्याहून अधिकांना, पुढे भगंदर होतो. म्हणजे गुदमार्गाच्या आतल्या बाजूला एक छिद्र, बाहेर कातडीवर दुसरं, आणि मध्ये बोगदा. बाहेरचं छिद्र मिटतं, पू साठतो, ठणकतं, फुटतं, बरं वाटतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. माणसं वर्षानुवर्षं कपड्याची घडी लावून हिंडतात.

गळू आणि भगंदर या एकाच आजाराच्या दोन अवस्था आहेत, हे सुश्रुताला पक्कं माहीत होतं. निदानस्थानात त्याने सांगितलंय की न पिकलेली ती पिडका, आणि पिकून फुटली की भगंदर. आठ महागदांत, म्हणजे बरे करायला अत्यंत कठीण अशा आठ व्याधींत, त्याने अर्श, म्हणजे मूळव्याध, आणि भगंदर या दोघांनाही बसवलं. तपासण्यासाठी गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब अर्शोयंत्र सांगितलं. आज आम्ही वापरतो त्या प्रॉक्टोस्कोपची लांबी त्याच्या जवळपासच आहे. भगंदराचे पाच प्रकार करताना एकाला त्याने शतपोनक म्हटलं, म्हणजे चाळणीसारखी अनेक छिद्रं असलेला, आणि एकाला शंबूकावर्त, म्हणजे शंखाच्या वळणासारखा फिरत गेलेला. आज एमआरआयवर नालाकृती भगंदर पाहताना मला त्या माणसाच्या नजरेचं आश्चर्य वाटतं. त्याने हे सगळं बोटाने आणि एषणीने, म्हणजे सळईने, शोधलं होतं.

युरोपात या आजाराला प्रतिष्ठा मिळाली ती एका राजामुळे. फ्रान्सचा चौदावा लुई. 1686 च्या सुरुवातीला त्याच्या गुदद्वाराशी सूज आली, फुटली आणि भगंदर झाला. मलमं झाली, एनिमे झाले, औषधी झऱ्यांची पाणी दुसऱ्या रुग्णांवर आजमावून पाहिली गेली. शेवटी शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स या शल्यचिकित्सकाने पॅरिसच्या रुग्णालयांतल्या गरीब रुग्णांवर हात बसवला, लांब सळई जोडलेली एक वाकडी सुरी खास घडवून घेतली, आणि 18 नोव्हेंबर 1686 रोजी सकाळी व्हर्सायच्या राजवाड्यात राजाचा भगंदर उघडला. भूल नव्हती. आपल्याकडे त्याच सालच्या सप्टेंबरात औरंगजेबाने विजापूर घेतलं होतं आणि दख्खनचा संग्राम पेटलेला होता. तिकडे जगातल्या सर्वांत बलाढ्य राजांपैकी एक पालथा पडून होता. लुई बरा झाला. फेलिक्सला जहागीर आणि सरदारकी मिळाली. न्हाव्यांच्या पंगतीत बसवला जाणारा शल्यचिकित्सक त्या दिवसापासून फ्रान्समध्ये ताठ मानेने चालू लागला, असं वैद्यकाचे इतिहासकार म्हणतात. दरबारात तर नंतर भगंदराची फॅशनच आली. नसलेल्यांनीही शस्त्रक्रिया करून घेण्याची तयारी दाखवली. मला त्या दरबाऱ्यांचं हसू येतं, पण राजाचं कौतुक वाटतं. शस्त्रक्रिया झाल्यावर तरी आपल्याला काय झालं होतं हे त्याने लपवून ठेवलं नाही. ज्या गरिबांवर आधी हात बसवला गेला त्यांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

1835 मध्ये लंडनला फ्रेडरिक सॅमन याने फक्त याच आजारांच्या गरीब रुग्णांसाठी सात खाटांचा दवाखाना काढला. तोच पुढे सेंट मार्क्स हॉस्पिटल म्हणून जगभर गाजला. 1841 मध्ये सॅमनने चार्ल्स डिकन्सवर भगंदराची शस्त्रक्रिया केली, तीही भुलीशिवाय, कारण ईथर यायला अजून पाच वर्षं होती. याच रुग्णालयातल्या गुडसॉल याने 1900 मध्ये एक ठोकताळा सांगितला. बाहेरचं छिद्र गुदद्वाराच्या मागच्या अर्ध्या भागात असेल तर बोगदा वळण घेऊन मागे मध्यरेषेवर उघडतो, पुढच्या अर्ध्यात असेल तर सरळ आत जातो. तो पुष्कळदा चुकतो, तरी आजही आम्ही विद्यार्थ्यांना हाच आधी शिकवतो. आणि तिथल्याच अ‍ॅलन पार्क्स यांनी 1961 मध्ये मूळ कारणावर बोट ठेवलं. दातेरी रेषेवर छोट्या ग्रंथींची तोंडं असतात. एखादीचं तोंड बुजतं, जंतू अडकतात, दोन स्नायूंच्या मधल्या फटीत पू होतो आणि जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. म्हणजे तुम्ही घाण राहिलात, कोंबडी खाल्ली, गरम पडलं, यातलं काही कारण नाही. स्वच्छ, शाकाहारी, नेमस्त माणसालाही हे होतं. तरुण पुरुषांना जास्त होतं.

भगंदराचा उपचार हा दोन धोक्यांमधला सौदा आहे. बोगदा पूर्ण उघडला तर तो जातो, पण त्याने ज्या स्नायूला भोक पाडलंय तो कापला जातो. स्नायू जास्त कापला तर शौचावरचा ताबा जातो. स्नायू जपायला गेलं तर बोगदा परत येतो. वरवरचा असेल तर उघडून टाकावा, त्याइतकं खात्रीचं काही नाही. खोल असेल, आणि बायकांमध्ये पुढच्या बाजूला असेल, तर फार सांभाळावं. त्यांचा तिथला स्नायू मुळात तोकडा असतो आणि बाळंतपणात इजा झालेली असू शकते.

इथं क्षारसूत्राचा विषय येतो. मी शल्यचिकित्सक आहे, आयुर्वेदाचा पदवीधर नाही, म्हणून माझं मत जरा मोकळेपणाने सांगता येईल. बोगद्यातून दोरा ओवून तो हळूहळू कापत आणणं ही कल्पना हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथांतही आहे, घोड्याच्या केसांसकट. सुश्रुताने कृश, दुर्बळ आणि शस्त्राला भिणाऱ्या माणसासाठी क्षाराचा दोरा सांगितला. मधल्या काळात तो मागे पडला होता. 1960 च्या दशकात काशी हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी तो पुन्हा उभा केला. लिननच्या दोऱ्याला निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून एकवीस थर द्यायचे, आणि दर आठवड्याला दोरा बदलायचा. दोरा कापत जातो आणि मागून जखम भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली, ती 1991 मध्ये छापून आली. शस्त्रक्रियेची जखम सुमारे चार आठवड्यांत भरली, क्षारसूत्राला साधारण दुप्पट वेळ लागला. पण वर्षभरात आजार परत येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत 11 टक्के आणि क्षारसूत्रात 4 टक्के होतं. असं उत्तर मिळाल्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. अट एवढीच, की करणारा शिकलेला असावा आणि आतलं छिद्र त्याला सापडलेलं असावं. ते सापडलं नाही तर दोरा, सुरी आणि लेझर तिन्ही सारखेच निरुपयोगी.

लेझरचे फ्लेक्स तुम्ही चौकाचौकात पाहता. वेदनारहित, टाका नाही, त्याच दिवशी घरी. लेझर हे एक हत्यार आहे, आणि काही भगंदरांत चांगलं चालतं. दुर्बिणीने बोगदा आतून पाहणं, दोन स्नायूंच्या मधे जाऊन तो बांधून टाकणं, अशाही पद्धती आल्यात. फ्लेक्सवर ज्या डॉक्टरचा फोटो आहे त्याला विचारा, की माझा बोगदा स्नायूच्या किती भागातून जातो? उत्तर देता आलं तर पुढचं बोला. भिंतीवर नंबर रंगवणाऱ्यांना हेही विचारू नका, तिकडे जाऊच नका. कसलंसं तीव्र औषध टोचून कोंब जाळणारी माणसं गावोगाव फिरतात. त्यात आजूबाजूची कातडी सडते, आणि गुदद्वार इतकं आखडतं की पुढे करंगळी जात नाही.

काही खुणा अशा आहेत की त्यात सकाळपर्यंतही थांबू नये. मधुमेही माणूस आहे, गुदद्वाराशी किंवा वृषणाशी सूज तासातासाने पसरतेय, कातडी काळपट पडतेय, दुर्गंधी येतेय, दुखणं दिसतं त्यापेक्षा फार जास्त आहे. फूर्निए या फ्रेंच डॉक्टरने 1883 मध्ये या कुजत जाणाऱ्या सुजेचं वर्णन केलं. कुजलेला भाग तातडीने काढला तरच माणूस वाचण्याची आशा असते. लघवी अडली असेल तर तीही धोक्याची खूण. आणि मंद चालीच्या खुणा: रक्त मळात मिसळून जातंय, शौचाची सवय बदललीय, वजन उतरलंय, गाठ टणक आहे आणि हलत नाही. अशा माणसाला बोटाने न तपासता मूळव्याधीचं मलम लिहून देणं हा माझ्या मते अपराध आहे. पुन्हापुन्हा होणाऱ्या किंवा अनेक तोंडांच्या भगंदरात बोगद्याचा तुकडा तपासायला पाठवावा. आपल्या देशात त्यात क्षयरोग निघतो, आणि मग सुरी बाजूला ठेवून औषधांनी काम होतं.

प्रतिबंधाचं थोडक्यात. पू टाळता येईलच असं नाही. गुठळी, चीर आणि मूळव्याध बऱ्याच अंशी टळते. भाजी, कोंडा न काढलेल्या पिठाची भाकरी किंवा पोळी, सालीसकट फळं, डाळी. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्याबरोबर, नाहीतर तोच घट्ट होऊन बसतो. शौचाला बसून वाट पाहू नये. 2025 मध्ये छापून आलेल्या पाहणीसाठी बॉस्टनच्या एका रुग्णालयात आतड्याच्या तपासणीला आलेल्या 125 जणांना विचारलं, त्यात दोन तृतीयांश लोक फोन घेऊन शौचाला बसणारे निघाले, आणि त्यांच्यात मूळव्याधीचा धोका 46 टक्क्यांनी जास्त होता. एका छोट्या पाहणीने कारण सिद्ध होत नाही, पण फोन बाहेर ठेवण्यात तोटाही नाही. आणि वेग आला की दाबू नये. हे सांगणं सोपं आहे. बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाला, ऊसतोडीच्या फडावरच्या बाईला, एसटीच्या वाहकाला ते कसं जमायचं? ज्यांच्यासाठी धड शौचालय नाही त्यांना सवयी सुधारायला सांगणं मला जड जातं. या सभागृहात नगरपालिकेची मंडळी बसली आहेत. आपल्या बसस्थानकावरच्या बायकांच्या शौचालयाला संध्याकाळी सहानंतर कुलूप असतं. ते काढलंत तर माझ्या दवाखान्यातली गर्दी थोडी कमी होईल.

आता एवढंच मागणं आहे. त्या जागी दुखरी सूज आली आणि दोन दिवसांत उतरली नाही तर दाखवा. ताप असेल किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी दाखवा. पैशाची अडचण असेल तर उपजिल्हा रुग्णालयात जा. पू काढण्याची शस्त्रक्रिया तिथं होते. बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागा. आणि घरातला म्हातारा माणूस चार दिवस आरामखुर्चीत बसायचं टाळत असेल, उभ्यानेच चहा घेत असेल, तर त्याला विचारा. तो आपणहून सांगणार नाही.